नवऱ्याची पानं

मराठी पुरुष मोकळा कधी झाला, या विषयावर दर दोन-चार वर्षांनी एखादा परिसंवाद होतो आणि उत्तरं ठरलेली असतात. एक गट ‘कोसला’कडे बोट दाखवतो, दुसरा साने गुरुजींकडे. हल्ली तिसराही आलाय. त्याच्या मते हे सगळं परवा-परवा समुपदेशकाच्या खुर्चीसमोर सुरू झालं. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनात काय घडलं याचा पत्ता यांतल्या कुणालाच नसतो. प्रस्तुत लेखकाने हे गाऱ्हाणं याआधीही मांडलंय आणि दोन-तीन संपादक त्याला कंटाळलेही आहेत. तरी पुन्हा.

मूळ शोधायचंच तर तुकोबांपर्यंत जावं लागतं. दुष्काळात दिवाळं निघालं, थोरली बायको अन्नावाचून गेली, या दुःखाची लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलंय. वारकऱ्यांत ती रीत अजून आहे. पैठणला नाथषष्ठीला जाऊन बघावं: मिशीवाले बाप्ये भर रस्त्यात एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, कीर्तनात ढसाढसा रडतात. घरी परतल्यावर त्यांतलेच कितीतरी जण बायकोशी दिवसभरात चार वाक्यं बोलतात, ती गोष्ट वेगळी. ‘श्यामची आई’ (१९३५) रडवतं खरं, पण ते लेकराचं रडणं. आईपुढं रडायला मराठी पुरुषाला कधीच कुणाची परवानगी लागली नाही.

मधली पांढरपेशी आत्मचरित्रं झटपट ओलांडलेली बरी. शिक्षण, नोकरी, सत्कार, मग संस्थेतली भांडणं. बायको एका प्रकरणात येते, ती बहुतेक वेळा आजारीच असते.

त्यातून वेगळे निघाले ते र. धों. कर्वे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ ते १९५३ चालवलं. वाचक पत्रं लिहून विचारत: हस्तमैथुनाची धास्ती, शरीराबद्दलच्या शंका, कुणाला विचारायची सोय नसलेल्या गोष्टी. कर्वे रोखठोक उत्तर छापत. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्याच आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते म्हणजे नागसेनवनातलं मिलिंद. या दोन गोष्टींत धागा आहे म्हटलं की अभ्यासक मंडळी गालात हसतात. हसोत. पुरुषानं चोरून बाळगलेला प्रश्न छापून विचारता आला पाहिजे, असं ज्यानं कोर्टात उभं राहून सांगितलं, त्याच्याच आवारात पुढं मराठीतलं सर्वांत उघडं लेखन रुजावं, यात हसण्यासारखं काय आहे?

मिलिंदमधल्या म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकारानं १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं. तेच पुढं ‘अस्मितादर्श’ झालं. पहिलं लिखाण घेऊन आलेल्या पोराला पानतावणे सर आधी बसवून घेत, मग वाचत. २०१८च्या मार्चमध्ये सर गेले आणि तो दरवाजा बंद झाला. याच नागसेनवनात प्राध्यापकी केलेल्या प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आलं. बहिणीच्या दारी वाढलेलं अनाथ पोर, भूक, उष्टं अन्न. प्राध्यापकानं हे वर्गाबाहेर सांगणं सोपं नव्हतं. पोरं उद्या त्याच फळ्यासमोर बसायची होती. मग लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०), शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१), शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४). लिंबाळ्यांनी तर बापाच्या नावाचाच प्रश्न चव्हाट्यावर आणला. दहा वर्षांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ आलं. त्याच्या लेखकानं, डॉ. किशोर काळे यांनी, आईचंच नाव मधे लावलं: किशोर शांताबाई काळे.

पण जीव अडकतो तो ‘बलुतं’पाशी. साल १९७८. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला म्हणून मराठवाड्यात वस्त्या जळत होत्या, त्याच वर्षी दया पवारांचं हे पुस्तक आलं. त्यांनी युक्ती केली. सरळ ‘मी’ म्हणून बोलले नाहीत. शिकलेल्या, शहरी दया पवारला त्याचाच जुना अवतार भेटतो, दगडू मारुती पवार, आणि सांगतो तो दगडू. कुणी याला तंत्र म्हणतं. प्रस्तुत लेखकाला ती गरज वाटते. काही गोष्टी पुरुषाला स्वतःच्या तोंडून सांगताच येत नाहीत, त्याला शेजारी दुसरा माणूस बसवावा लागतो. आणि दगडू भूक सांगून थांबत नाही. पहिल्या बायकोवर, सईवर, घेतलेला संशय सांगतो. मोडलेला संसार सांगतो. तिथं त्याच्यावर अन्याय करणारं गाव नसतं. अन्याय करणारा तोच असतो.

ऐंशीच्या दशकात चिकलठाणा एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं मुकुंदवाडीत भाड्यानं राहत. एका खोलीत चार-पाच जण, वर पत्रे, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, खिळ्याला तेलकट शर्ट. प्रस्तुत लेखकाचं अशा एका खोलीत जाणं-येणं होतं. तिथला जालन्याकडचा लेथवाला रात्रपाळी नसली की मोठ्यानं ‘बलुतं’ वाचायचा आणि बाकीचे पडून ऐकायचे. मेलेल्या ढोराच्या वाटणीचं प्रकरण त्यानं दोनदा वाचलं. सईची पानं आली की मात्र तो तीन-चार पानं एकदम उलटायचा. “इथं काय इशेष नाही,” म्हणायचा. सगळ्यांत धाकट्यानं एकदा दुपारी एकट्यानं ती पानं वाचून काढली आणि रात्री सरळ विचारलं, “दादा, तुम्ही ही का गाळली?” लेथवाला बराच वेळ स्टोव्हला पंप मारत राहिला. मग म्हणाला, “माझी बी हाय ना गावाकडं. माहेरी धाडली ती धाडलीच.”

समीक्षकांनीही हेच केलं, फक्त त्यांच्याकडं स्टोव्ह नव्हता. भुकेची पानं ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून गौरवली आणि नवऱ्याची पानं उलटली. वस्तीतल्या शिकलेल्या मंडळींनी तर उकिरडा उपसल्याचा ठपका ठेवला. तो राग निदान समजतो. विद्यापीठातल्या टिपणकारांचं मौन अजून समजलेलं नाही. नवऱ्यांचा उरलेला हिशेब शेवटी बायकांनीच मांडला: मल्लिका अमर शेखांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आलं, बेबी कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’चे कागद कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवले होते.

मुंबईकडचं श्रेय मुंबईला द्यायला हवं. १९९१ साली बायकोला मारहाण करण्याच्या विरोधात पुरुषांना हाक देणारी जाहिरात इंग्रजी दैनिकात आली, दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं आणि त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक नेटका असतो. थोडा जास्तच नेटका.

इकडे मराठवाड्यात न बोलण्याची किंमत वेगळ्या दप्तरात नोंदली जाते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. शंभरांतले जवळपास ७२ पुरुष. राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर, २२,७४६. शेतकऱ्याच्या घरी पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा सावकाराचा आकडा कितीतरी बायकांना पहिल्यांदा तिथंच कळतो. नवऱ्यानं जे कधी सांगितलं नाही ते तिनं तलाठ्याला समजावून सांगायचं, मग प्रकरण मदतीला पात्र की अपात्र ते समिती ठरवणार. सरकारनं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. आशाताई घरोघर जाऊन विचारतात: झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना गावच्याच सुनेला गडी काय उत्तर देणार? “बरंय सगळं, ताई.” योजना वाईट नाही, प्रश्न ओट्यावर विचारला जातो, एवढंच.

आणि आज? मुकुंदवाडीत पत्र्यांच्या जागी स्लॅब आले, भाडेकरू तेच: जालना, बीड, परभणीची पोरं. काही कंपनीत, काही डिलिव्हरीच्या गाडीवर. मोठ्यानं वाचणारं कुणी नाही, ज्याचा-त्याचा मोबाइल ज्याच्या-त्याच्या कानात. पुरुषांनी मोकळं व्हावं म्हणून १९ नोव्हेंबरला पुरुष दिन साजरा होतो, पोस्टरं लागतात, वक्ते येतात. मोकळेपणाला तोटा आहे असंही नाही. रील्स भरून वाहतायत. मागं व्हायोलिन, समोर पावसातला एकटा गडी, ‘पुरुषाचं दुःख कुणाला कळत नाही’ छापाची वाक्यं. त्यात बाई हमखास धोकेबाज, बाप हमखास थोर आणि बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पदरी दोष एकही नाही. दगडू पवारला असल्या बाजारात चार लाइकही मिळाले नसते.