धमनीच्या आंतून पाहणें

हृदयविकाराची शंका आली कीं डॉक्टर अँजिओग्राफी करावयास सांगतात, हें आज घरोघर ठाऊक आहे. मनगटांतून अगर जांघेंतून बारीक नळी सरकवितात, तिच्यावाटे क्ष-किरणांना अडविणारें द्रव हृदयाच्या धमन्यांत सोडतात, आणि पडद्यावर त्यांची छाया उमटते. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९५८ सालीं डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून हें द्रव एका रोग्याच्या हृदयधमनींत अकल्पितपणें गेलें, आणि त्यांतून ही पद्धति जन्मास आली.

पण छाया ती छायाच! रक्त ज्यांतून वाहतें ती पोकळी ती दाखविते. भिंत दाखवीत नाहीं. आणि रोग तर भिंतींत असतो. नळाला आंतून गंज चढावा तसा धमनींत मेदाचा थर चढतो, ही आपली समजूत अर्धवट आहे. डॉ. ग्लागोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं दाखविलें कीं, थर वाढूं लागला म्हणजे धमनी प्रथम बाहेरच्या अंगास फुगते. थरानें सुमारें ४० टक्के जागा व्यापीपर्यंत आंतला मार्ग पुष्कळदां अरुंद होतच नाहीं. म्हणजे छाया निर्दोष आणि भिंत रोगट!

यास्तव आंतूनच पाहण्याच्या दोन रीती निघाल्या. पहिली आयव्हस. सुमारें एक मिलिमीटर जाडीच्या नळीच्या टोकाशीं असलेला सूक्ष्म स्फटिक कानांस ऐकूं न येणारा ध्वनि सोडतो. भिंतीच्या थरांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून यंत्र तिचा आडवा छेद रेखाटतें. कापलेल्या खोडावर वलयें दिसावीं, तसा तो दिसतो. दुसरी ओ. सी. टी.; ही १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ध्वनीऐवजीं अवरक्त प्रकाश असतो. ध्वनीला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका भेद कळतो, प्रकाशाला जवळजवळ शंभराव्या हिश्शाचा. मात्र रक्त हें प्रकाशास धुक्यासारखें. तें द्रवानें क्षणभर धुऊन काढावें लागतें, आणि प्रकाश भिंतींत एकदोन मिलिमीटरच शिरतो. ध्वनीची दृष्टि मंद, पण खोल.

खरा कस लागतो तो स्टेंट बसवितांना. ही जाळी पुरती उलगडली नाहीं तर तेथें रक्ताची गुठळी होण्याचें भय असतें. छायेंत तर ती सुरेख बसलेली दिसते! मिलान येथील डॉ. कोलंबो यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, आंतून पाहून, फुग्याचा दाब वाढवून जाळी नीट बसविली तर रक्त गोठूं न देणारीं तीव्र औषधें टाळतां येतात.

नळी महाग आहे, आणि प्रत्येक रोग्यास तिची गरज नसते. परंतु डाव्या मुख्य धमनींत, फांटा फुटतो त्या जागीं किंवा लांबलचक रोगट भागांत जाळी घालावयाची असेल, तर आंतून पाहावें, अशी शिफारस युरोपांतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२४ सालीं केली आहे. तेव्हां अशा प्रसंगीं घरच्या मंडळींनीं डॉक्टरांस तसें विचारण्यांत संकोच वाटून घेऊं नये.