पिकलबॉल : सुरुवातीला एवढे पुरे



‘हे पिकलबॉल म्हणजे नेमके काय?’ असे अनेक सभासद विचारतात. आम्ही काही ज्येष्ठ मंडळी हा खेळ शिकत आहोत. जे समजले ते थोडक्यात देत आहोत.

हा खेळ 1965 साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर, सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी घरच्याच साहित्यातून सुरू झाला. भारतात तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी.

कोर्ट 44 फूट लांब व 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. जाळी मात्र कमरेएवढी, मध्यभागी 34 इंच. तारा नसलेली सपाट पॅडल आणि छिद्रे असलेला प्लास्टिकचा चेंडू, एवढेच साहित्य.

नियम चार लक्षात ठेवावेत.

1. सर्व्हिस कमरेखालून, समोरच्या तिरक्या चौकोनात करावी. चेंडू हातातून सोडून, टप्पा पडल्यावर मारला तरी चालतो. नवशिक्यांना हेच सोपे जाते.

2. सर्व्हिस आणि तिचे उत्तर, दोन्ही चेंडू टप्पा पडल्यावरच मारायचे. त्यानंतर हवेतला चेंडू मारता येतो.

3. जाळीलगतची दोन्हीकडची 7 फुटांची पट्टी म्हणजे ‘किचन’. तिच्यात किंवा तिच्या रेषेवर पाय असताना हवेतला चेंडू मारायचा नाही. टप्पा पडला असेल तर आत जाऊन खुशाल मारावा.

4. गुण सर्व्हिस करणाऱ्याच्याच खात्यात जमा होतो. डाव 11 गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवी.

दुसऱ्या व तिसऱ्या नियमामुळे जाळीजवळ उभे राहून जोरकस फटके मारणाऱ्याचा फायदा कमी होतो आणि हलक्या हाताने चेंडू किचनमध्ये टाकणाऱ्याचा वाढतो. म्हणून आजोबा आणि नात एकाच कोर्टवर बरोबरीने खेळू शकतात. हल्ली तिन्ही पिढ्यांनी एकत्र करावे असे घरात फारसे उरलेले नाही. आम्हाला या खेळाचे मोल त्यासाठीच अधिक वाटते.

ज्येष्ठांसाठी एक कळकळीची सूचना : डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट पावली धावू नये. अंग वळवून जावे, नाहीतर तो गुण सोडून द्यावा. गुण पुन्हा मिळतो, मोडलेले मनगट बराच काळ अडवते. चालण्याचे नव्हे, कोर्टवर खेळण्याचे बूट घालावेत. गुडघे, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या दिवशी गुण मोजू नयेत. चेंडू दहा वेळा जाळीपलीकडे गेला, की पुढचे आपोआप जमते.