घराचे कर्ज : सही करण्याआधी

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. दोन्ही कामांत खर्चाचा अंदाज चुकतो. मग माणूस कर्ज काढतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा हाच विषय निघाला. तात्यांच्या घराची मागची भिंत ओल धरून खचली होती. वासे किडले होते. शिवाय रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, असे त्यांच्या मनात होते. दुरुस्तीला १ लाख आणि खोल्यांना ३ लाख रुपये लागतील, असे गवंड्याने सांगितले होते.

तात्या म्हणाले, "गुरुजी, चार लाख एकदमच काढले तर? भाडं येईल, त्यातनं हप्ता भागंल."

गुरुजी म्हणाले, "तात्या, आधी पाटी घ्या. हिशेब करू. मग तुम्हीच ठरवा."

दोन कामे, दोन हिशेब

भिंतीचे काम टाळता येत नाही. भिंत पडली तर माणसे दगावतील. पण भिंत दुरुस्त केल्याने घरात पैसा येत नाही. म्हणून तो हप्ता शेती, दूध, मजुरी यांच्या कमाईतूनच भरावा लागतो.

खोल्यांचे काम निराळे. ते कमाईसाठी आहे. कमाई होते का, ते पाहू.

समजा, ३ लाख रुपये कर्ज घेतले. व्याज वर्षाला शेकडा १० आणि मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ३,९६५ रुपये पडतो. एका खोलीचे भाडे १,५०० रुपये धरा. दोन खोल्यांचे ३,००० झाले. म्हणजे दर महिन्याला ९६५ रुपये घरातून घालायचे.

"आणि भाडेकरू निघून गेला तर?" काकूंनी विचारले.

बरोबर विचारले. वर्षात दोन महिने खोल्या रिकाम्या राहिल्या, तर भाडे ३०,००० रुपये येते. हप्ते मात्र ४७,५८० रुपये भरावे लागतात. तूट १७,५८० रुपयांची! घरपट्टी आणि डागडुजी वेगळीच. खोली रिकामी राहते, पण हप्ता थांबत नाही.

मुदत ५ वर्षे केली तर हप्ता सुमारे ६,३७४ रुपये होतो. पण एकूण व्याज सुमारे ८२,००० रुपयेच पडते. १० वर्षांत तेच व्याज सुमारे १,७६,००० रुपये होते. मुदत लांबली की हप्ता हलका होतो, पण व्याज जड होते.

व्याज कसे विचारावे?

काकू म्हणाल्या, "बँकेपरीस सावकार बरा. तो तीनच टक्के सांगतो."

"काकू, तीन टक्के महिन्याला की वर्षाला?"

"महिन्याला."

"मग वर्षाला शेकडा ३६ झाले!"

सारा वर्ग गप्प झाला.

सावकाराला सरकारी परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना दाखवीत नसेल, तर त्याच्याकडून कर्ज घेऊ नये. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

आणखी एक गोष्ट विचारा. व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर? १ लाख रुपये, ३ वर्षे, शेकडा १२ असे धरा. शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज लावले, तर ३६,००० रुपये होते. यालाच 'फ्लॅट' व्याज म्हणतात. हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जाते. त्या शिल्लक रकमेवरच व्याज लावले, तर ते सुमारे १९,६०० रुपये होते. दर तोच, पण फरक १६,४०० रुपयांचा.

घर गहाण पडते

मोठ्या कर्जाला बँक बहुधा घर गहाण घेते. ९० दिवस हप्ता थकला, तर ते कर्ज थकीत धरले जाते. २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देते. तरी पैसे भरले नाहीत, तर गहाण घराचा ताबा घेऊन ते विकता येते. म्हणून भाड्याच्या आशेवर राहते घर गहाण टाकताना दहा वेळा विचार करावा.

कर्जदाराला काही हक्कही आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जाची मुख्य माहिती एका कागदावर द्यायची आहे. तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. त्यात व्याज, हप्ता आणि सारे आकार लिहिलेले असतात. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत.

जागा घेऊन ठेवावी का?

एका तरुणाने विचारले, "तालुक्याच्या गावाजवळ दोन गुंठे घेऊन ठेवले तर? दलाल म्हणतो, भाव दुप्पट होईल."

होईलही, न होईलही. गरजेच्या वेळी जागा एका दिवसात विकली जात नाही. कर्ज काढून घेतली असेल, तर व्याज रोज चढते. तरी घ्यायचीच असेल, तर आधी कागद पाहा.

शेतजमीन असेल तर सातबारा पाहा. नाव कोणाचे? 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा आहे का? गावठाणातली जागा असेल तर मिळकत पत्रिका मागा. ड्रोनने गावठाण मोजून अशा पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. तिथे घर बांधता येते का, हेही लेखी घ्या.

नुसत्या नोटरीच्या कागदाने मालकी बदलत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जागेचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते.

तात्यांनी काय केले?

तात्यांनी फक्त भिंतीपुरते १ लाख रुपये मागितले. ३ वर्षांची मुदत आणि ३,३२१ रुपयांचा हप्ता ठरला. दुधाच्या पैशातून तो निघतो, हे त्यांनी आधी मांडून पाहिले होते. खोल्यांचे काम त्यांनी हे कर्ज फिटेपर्यंत पुढे ढकलले.

बँकेत साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. तात्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीखाली बोट ठेवून ते वाचू लागले. मागे लोक खोळंबले होते. एका ओळीवर बोट थांबले.

"साहेब, हे विम्याचे २,५०० रुपये कशाचे?"

"तो ऐच्छिक आहे, तात्या."

"मग मला नको. खोडा ते."

साहेबांनी ती ओळ खोडली. मग तात्यांनी सही केली.