मुखाविना ज्वालामुखी : पळसदरीच्या कातळांची उत्पत्ती

कर्जतहून निघालेली आगगाडी पळसदरी स्थानकाजवळ येते, तेव्हा पूर्वेस सह्याद्रीचा कडा आडवा उभा ठाकलेला दिसतो. हा सर्व प्रदेश ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाला, हे विधान शालेय पुस्तकांपासून परिचयाचे असते. मग तो ज्वालामुखी होता तरी कोठे, हा प्रश्न ओघानेच उद्भवतो, आणि जवळच्या एखाद्या सुळक्याकडे बोट दाखवून त्याचे उत्तर देण्याचा मोह होतो. हे उत्तर चुकीचे आहे. आणि त्या चुकीचे मूळ पुष्कळ अंशी ‘ज्वालामुखी’ या शब्दातच आहे.

या शब्दात दोन कल्पना गृहीत आहेत : ज्वाला आणि मुख. कांगड्यातील देवीस्थानाचेही नाव हेच. परंतु तेथील ज्योती खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत, लाव्ह्याच्या नव्हेत. युरोपीय भाषांतील ‘व्होल्कॅनो’ ही संज्ञा रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून, सिसिलीजवळच्या व्हुल्कानो बेटाच्या द्वारे रूढ झाली. दोन्ही शब्दांमुळे एकच चित्र मनात उभे राहते : शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरील धगधगते विवर. भारतात या चित्राशी जुळणारे जागृत उदाहरण म्हणजे अंदमान समुद्रातील बॅरन बेट. त्याच्या उद्रेकाची नोंद 1787 मध्ये झाली; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभानंतर ते दीर्घकाळ शांत राहिले आणि 1991 मध्ये पुन्हा जागे झाले. तेथे भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असल्याने शिलारस तयार होतो.

सह्याद्रीची घडण निराळी आहे. येथे शिलारस एका मुखातून न येता भूकवचातील लांबच लांब भेगांतून वर आला. या प्रकारास भेगी उद्गिरण म्हणतात. ऐतिहासिक काळातील त्याचा ठळक दाखला आइसलँडमधील लाकी येथे मिळतो. 1783 च्या जूनपासून सुमारे आठ महिने तेथे जवळजवळ 27 किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्हा वाहत होता. दख्खनचे उद्गिरण याच जातीचे, परंतु कितीतरी पटींनी मोठे होते. झिजेनंतर उरलेला त्याचा विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. पातळ लाव्हा दूरवर पसरे, थिजे, आणि त्यावर पुढचा थर येई. अशा थरांच्या पायऱ्या डोंगरउतारांवर दिसतात. म्हणूनच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकास ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले.

पळसदरीहून बोरघाट चढू लागताच हा क्रम उलगडत जातो. 1863 मध्ये खुला झालेला लोहमार्ग हेच थर फोडून काढलेला आहे. घट्ट काळ्या कातळाचा थर, त्याखाली वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला मऊ खडक, आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा, अशी ही रचना आहे. तांबडा पट्टा बहुधा दोन प्रवाहांमधील विश्रांतीचा काळ दर्शवितो. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या गटांना दिलेली ‘नेरळ’, ‘खंडाळा’ आणि ‘लोणावळा’ ही नावे याच परिसरातील आहेत. भेगांमध्येच थिजलेला शिलारस भिंतीसारखा उभा राहतो. त्यास भित्ती म्हणतात. कोकणपट्टीतील अशा पुष्कळ भित्तींचा रोख उत्तर-दक्षिण आहे. मात्र प्रत्येक भित्ती ही पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली वाट होती, असे मानता येत नाही.

हे उद्गिरण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे असून त्याचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत घडला. डायनोसॉरांचा अंतही याच सुमारास झाला. लाव्ह्याचा मोठा भाग त्या अंतापूर्वी बाहेर पडला की नंतर, याविषयी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन कालमापनांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. त्या काळी भारतीय भूखंड हिंदी महासागरातील एका तप्तस्थळावरून उत्तरेकडे सरकत होता, असे सामान्यतः मानले जाते. ते तप्तस्थळ आज रियुनियन बेटाखाली आहे, आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. म्हणजे उष्णतेचा उगम तेथेच राहिला आणि पळसदरीचा कातळ त्यापासून दूर निघून आला. सह्याद्री ‘निद्रिस्त’ आहे, कधीतरी जागा होईल, ही भीती म्हणूनच निराधार ठरते.

खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे. उद्गिरणाने थर रचले. नंतरच्या झिजेने त्यांना उभे कडे दिले आणि कड्यांच्या पायथ्याशी सुट्या दगडमातीचे उतार साचविले. अतिवृष्टीत पाणी या सुट्या आवरणात मुरते, त्याचे वजन वाढते, पकड ढिली होते आणि उतार घसरतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. 27 मृतदेह हाती आले. पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. डोंगराच्या माथ्यावर नसलेले मुख शोधण्यापेक्षा त्याच्या उतारावरील मातीकडे लक्ष देणे, हाच या भूमीच्या इतिहासातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष होय.