एका शेळीचे पाच मालक

आरंभी एक लहानसे गणित सोडवू या. समजा, एका कळपात २० दुभत्या शेळ्या आहेत आणि त्या कळपाचे १०० समान हिस्से केले आहेत. एक हिस्सा विकत घेणाऱ्याच्या वाट्याला किती शेळी येईल? उत्तर सोपे आहे : एक पंचमांश. म्हणजे प्रत्येक शेळीला सरासरी पाच मालक झाले! आता पुढचा प्रश्न. ही एक पंचमांश शेळी मालकाने घरी न्यायची कशी? ती न्यायची नसतेच. शेळी कळपातच राहते, तिची देखभाल पशुपालक करतो आणि मालकाच्या घरी जाते ते फक्त तिचे दूध.

गणितातले आकडे आपण सोयीसाठी घेतले, पण ही पद्धत खरोखरच अस्तित्वात आहे. अमेरिकेतील काही राज्यांत पुष्कळ कुटुंबे शेळीचे ताजे दूध अशाच प्रकारे मिळवतात. दूध सरळ पैसे देऊन विकत घेण्याऐवजी हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, आणि त्यातून मिळणाऱ्या दुधाविषयी विज्ञान काय सांगते, ते आता पाहू.

दूध विकत नाही, हिस्सा विकत

अमेरिकेत न तापवलेले, म्हणजे पाश्चरीकरण न केलेले दूध विकण्यावर कडक निर्बंध आहेत. असे दूध पिण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यास तेथील केंद्र शासनाने १९८७ साली बंदी घातली. राज्याच्या हद्दीतील विक्रीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कुठे ती चालते, कुठे फक्त गोठ्यावर चालते, तर कुठे अजिबात चालत नाही.

परंतु स्वतःच्या जनावराचे दूध स्वतः पिण्यास कोण मनाई करणार? या साध्या विचारातून हिस्सेदारीची पद्धत पुढे आली. कोलोरॅडो राज्याने २००५ साली कायदा करून गाय व शेळी यांच्या अशा हिस्सेदारीस मान्यता दिली. यात हिस्सेदार पशुपालकाशी लेखी करार करतो. हिस्सा घेताना एकदा ठरावीक रक्कम भरतो आणि पुढे चारा, देखभाल व धार काढण्याची मजुरी म्हणून नियमित पैसे देतो. त्याच्या वाट्याचे दूध त्याला मिळते, पण ते पुढे कोणाला विकण्याची त्याला परवानगी नसते.

आपल्याकडील ग्रामीण भागातील वाचकांना यात ओळखीचे काही वाटेल. एकाने शेळी विकत घ्यायची, दुसऱ्याने ती सांभाळायची आणि होणारी करडे दोघांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची, ही अर्धलीची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. मालकी एकाची आणि सांभाळ दुसऱ्याचा, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. आपल्या अर्धलीत करडांची वाटणी होते, तर तेथे दुधाची.

सरासरीची जादू

या पद्धतीचा खरा लाभ समजून घ्यायचा, तर एकच शेळी पाळणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. शेळी आजारी पडली किंवा आटली, की त्या घरचे दूध एकदम शून्यावर येते. याउलट वीस शेळ्यांच्या कळपातील एक शेळी आटली, तर एकूण दूध सुमारे ५ टक्क्यांनीच घटते. दर शेळी रोज ३ लिटर दूध देते असे धरले, तर कळपाचे रोजचे ६० लिटर आणि आठवड्याचे ४२० लिटर दूध होते. शंभर हिस्सेदारांत ते वाटले, तर प्रत्येकास आठवड्याला ४.२ लिटर मिळते. एक शेळी आटल्यास हाच वाटा जेमतेम ४ लिटर होईल. घरात कोणाला ते जाणवणारही नाही! धोका अनेकांत वाटला, की एकेकाच्या वाट्याला तो थोडाच येतो. विमा याच तत्त्वावर चालतो.

मात्र निसर्ग एक अडचण उभी करतो. थंड प्रदेशातील शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने बहुतेक शेळ्या वसंत ऋतूत एकदमच वितात आणि पुढच्या हिवाळ्यात जवळजवळ एकदमच आटतात. वीसही शेळ्या एकाच वेळी आटल्या तर सरासरी काय कामाची? म्हणूनच हिस्सेदाराला उन्हाळ्यात भरपूर आणि हिवाळ्यात कमी दूध, हे मान्य करावे लागते. आपल्याकडे शेळ्या वर्षभर केव्हाही वितात, त्यामुळे ही अडचण एवढी तीव्र नसते.

शेळीच्या दुधात वेगळे काय?

एवढा खटाटोप करण्याइतके या दुधात काय आहे? गाईचे दूध एका पेल्यात संथ ठेवले, तर काही तासांत वर मलईचा थर जमतो. शेळीच्या दुधावर तो फारच सावकाश जमतो. स्निग्धांशाचे थेंब पाण्यापेक्षा हलके असल्याने वर चढू पाहतात. त्यांच्या चढण्याचा वेग थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. त्रिज्या दुप्पट झाली तर वेग चौपट होतो. शेळीच्या दुधात बारीक थेंबांचे प्रमाण अधिक असते. शिवाय गाईच्या थंड दुधातील थेंबांना एकमेकांस चिकटवून त्यांचे मोठे घोस बनवणारे प्रथिन शेळीच्या दुधात जवळजवळ नसते. घोस नाहीत, म्हणून मलई वर धावत नाही.

या दुधाचा रंगही शुभ्र असतो, कारण चाऱ्यातील पिवळ्या कॅरोटिनचे शेळीच्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते. त्याच्या विशिष्ट वासास कॅप्रिक, कॅप्रिलिक व कॅप्रोइक ही आम्ले बरीचशी कारणीभूत आहेत. तिन्ही नावांत दडलेला लॅटिन शब्द ‘काप्रा’ म्हणजे शेळी!

हे दूध पचायला हलके, असे पुष्कळांचे मत असते. पण दुग्धशर्करा त्यात गाईच्या दुधापेक्षा किंचितच कमी असते, आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचे दूधही सोसत नाही, कारण दोन्हींतील प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. फोलेट हे जीवनसत्त्व तर यात इतके थोडे असते, की केवळ याच दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळास रक्तक्षय होऊ शकतो.

माल्टाने शिकवलेला धडा

हिस्सेदारीचे दूध घेणाऱ्यांचे सर्वांत आवडते म्हणणे असे, की ‘आमचे दूध ताजे आहे, शेळ्या आमच्या डोळ्यांसमोर आहेत, धडधाकट आहेत, मग ते तापवायचे कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातील माल्टा या छोट्या बेटाने दिले आहे.

त्या काळी माल्टात गवळी शेळ्यांचा कळप घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरत. गिऱ्हाइकाच्या दारातच शेळीची धार काढून भांडे भरून देत. याहून ताजे दूध ते कोणते? आणि त्याच माल्टात लोकांना व तेथील ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येई. तो आठवडेच्या आठवडे चढत-उतरत राही. सांधे दुखत, अंगातली शक्ती जाई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या सैनिकी डॉक्टरने या तापाचे जिवाणू शोधून काढले. परंतु ते माणसात येतात कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही.

१९०५ साली थेमिस्टोक्लीज झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. दिसायला अगदी निरोगी असलेल्या शेळ्यांत या रोगाच्या खुणा सापडल्या, आणि पुढे त्यांच्या दुधातही जिवाणू मिळाले! १९०६ साली सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद करताच त्यांच्यातील तापाचे रोगी झपाट्याने कमी झाले. या रोगाला आज आपण ब्रुसेलोसिस म्हणतो. ब्रूसच्या नावावरून ब्रुसेला आणि माल्टाच्या प्राचीन नावावरून मेलिटेन्सिस, असे त्या जिवाणूचे नाव पडले. हा रोग अजून नाहीसा झालेला नाही. भारतातही तो आढळतो.

दारातले दूध, ओळखीचा गवळी आणि धडधाकट शेळी, हे तिन्ही माल्टात होते. तरीही रोग झाला, कारण तो दूध शिळे झाल्याने होतच नव्हता. जिवाणू शेळीच्या कासेतूनच दुधासोबत बाहेर येत होते.

थंडाव्याचे गणित

जिवाणूंना दुसरी वाट बाहेरूनही सापडते. सडाला लागलेला लेंडीचा कण, अस्वच्छ हात, नीट न धुतलेली चरवी, एवढे पुरेसे होते. दूध शेळीच्या शरीरातून सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाचे बाहेर पडते, आणि हे तापमान बहुतेक रोगजंतूंना फार मानवते. अनुकूल परिस्थितीत जिवाणूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते असे धरा. सहा तासांत ती १८ वेळा दुप्पट होईल. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत गेल्यास एका जिवाणूचे २,६२,१४४ होतात!

म्हणून चांगला पशुपालक धार काढताच दूध ४ अंशांपर्यंत थंड करतो. त्यासाठी किती बर्फ लागेल? २ लिटर दुधाचे वस्तुमान सुमारे २,०६० ग्रॅम, विशिष्ट उष्मा सुमारे ०.९३ आणि तापमानातील फरक ३४ अंश. तिन्हींचा गुणाकार करा. सुमारे ६५,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो. म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम बर्फ हवा. भांडे नुसते शीतकपाटात ठेवून भागणार नाही, कारण हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट चांगले वाहक असल्याने बर्फ घातलेल्या पाण्यात दूध कितीतरी लवकर थंड होते.

पण थंडाव्याची मर्यादा लक्षात ठेवा. तो जिवाणूंची वाढ रोखतो, त्यांना मारत नाही. लिस्टेरिया नावाचे जिवाणू तर शीतकपाटातही सावकाश वाढतच राहतात. आणि ई. कोलाय ओ-१५७ या जातीचे शंभराहूनही कमी जिवाणू पोटात गेले, तरी माणूस आजारी पडू शकतो. लहान मुलांत त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. ज्या कोलोरॅडोने हिस्सेदारीस मान्यता दिली, त्याच राज्यात २०१० साली एका शेळीपालकाच्या हिस्सेदारांत अशी साथ झाली. न तापवलेले दूध प्यायल्याने सुमारे तीस जण आजारी पडले आणि दोन मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती कुटुंबे कायद्याने शेळ्यांची मालक होती. जिवाणूंना त्या कराराशी काही देणेघेणे नव्हते.

मग हिस्सेदारी सोडून द्यायची?

मुळीच नाही. पशुपालकाला खात्रीचे उत्पन्न, कुटुंबाला ओळखीच्या कळपाचे दूध आणि जोखमीची समान वाटणी हे तिचे गुण खरेच आहेत. आणि दूध घरी आणल्यावर ते तापवू नये, अशी सक्ती करार करत नाही! दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले, की त्यातील रोगजंतू मरतात. हेच पाश्चरीकरण. आपल्या घरी दूध उकळून ठेवण्याची जी रीत आहे, तीही हेच काम अधिक जोरकसपणे करते. तापवल्याने क आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण प्रथिने, स्निग्धांश आणि कॅल्शियम यांचा लाभ कायम राहतो. एका बाजूला हा अल्पसा तोटा आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या मुलाची मूत्रपिंडे, असा तराजू धरला, तर पारडे कोठे झुकते हे सांगायला नको. शेळी आपल्या दारची असो, अर्धलीची असो की शंभर जणांच्या मालकीची, तिचे दूध तापवूनच प्यावे.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करता येईल. दोन सारख्या बाटल्यांत ३८ अंश तापमानाचे अर्धा-अर्धा लिटर पाणी घ्या. एक बाटली बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत, तर दुसरी शीतकपाटात ठेवा. दर पाच मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवा आणि आलेख काढा. १० अंशांपर्यंत पोचायला प्रत्येक बाटलीला किती वेळ लागला? त्या दोन वेळांतील फरकात, दर २० मिनिटांना दुप्पट या हिशेबाने, एका जिवाणूचे किती झाले असते? थंडाव्यात त्यांची वाढ मंदावते, तेव्हा हे उत्तर वरची मर्यादा समजा. आणि शेळीचे दूध लगेच थंड का करतात, हे तुमच्याच आलेखावरून वर्गात समजावून सांगा.