प्रकाशकाविना पुस्तक

1960च्या दशकात मुंबईत अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. प्रस्थापित मासिके जे छापणार नाहीत, ते तरुण लेखक पदरमोड करून स्वतः छापू लागले. त्यांत सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे राजा ढाले होते. ‘येरू’, ‘तापसी’, ‘चक्रवर्ती’ ही त्यांची अनियतकालिके. आज साताऱ्यात किंवा सांगलीत बसून पूर्ण पुस्तकही असे काढता येते. मात्र प्रकाशक नसला, तरी प्रकाशकाची कामे उरतातच. ती क्रमाने पाहू.

पहिले काम संपादनाचे, आणि घाई इथेच होते. हस्तलिखित दोघांना वाचायला द्यावे: एक शुद्धलेखनात पक्का, दुसरा आपल्या विषयातला आणि तोंडावर बोलणारा. संवाद माणदेशी बोलीत असतील, तर बोलीतल्या शब्दांची यादी करून प्रत्येकाचे एकच रूप ठरवावे. बोली प्रमाण करायची नाही. पण एकच शब्द तीन तऱ्हांनी छापला गेला, तर वाचकाला ती चूक वाटते.

मग अक्षरजुळणी. युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरे आणि रफार बिघडू शकतात. म्हणून खरे मुद्रितशोधन पाने लागल्यानंतरच करावे आणि दुसरे प्रूफ कागदावर काढून वाचावे.

आता फर्म्याचा हिशेब. नेहमीच्या डेमी आकारात फर्मा सोळा पानांचा: तावाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. मजकूर 131 पाने भरला तर नववा फर्मा तीन पानांसाठी लागतो. त्यापेक्षा मांडणी थोडी आवळून 128 पानांत, म्हणजे आठ फर्म्यांत बसवावी. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच, त्यामुळे प्रती वाढल्या की दर प्रतीमागे खर्च उतरतो. थोड्याच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी. तिला प्लेट लागत नाही. पुस्तक वाचनालयांत जाणार असेल तर नुसत्या डिंकाच्या बांधणीपेक्षा शिवण घ्यावी. शंभर हातांतून फिरल्यावरही पाने सुटत नाहीत.

आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक घ्यावा. कॉपीराइट 1957च्या कायद्यानुसार लिहिताक्षणीच लेखकाचा होतो आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. मुखपृष्ठाचे चित्र दुसऱ्याचे असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी. 1954च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रकाशक आपणच, तेव्हा हे कर्तव्यही आपलेच.

सर्वांत अवघड काम विक्रीचे. छापील किमतीचा मोठा वाटा विक्रेता आणि वितरक यांच्या कमिशनमध्ये जातो. म्हणून किंमत ठरवताना कमिशन वजा जाऊन छपाईखर्च भरून निघतो का, हे आधी मांडून पाहावे. थेट विक्रीत तो वाटा आपल्याकडे राहतो. त्यासाठी आपल्या भागात जागा आहेत: साताऱ्याचा जिल्हा ग्रंथमहोत्सव, संक्रांतीला औदुंबरला भरणारे साहित्य संमेलन, गावोगावची सार्वजनिक वाचनालये. वाचनालयांसाठी ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीकडेही पुस्तक पाठवावे.

प्रत्येक प्रतीची नोंद वहीत ठेवावी: विकली, भेट दिली की दुकानात ठेवली. दुकानांतली उधारी दर महिन्याला विचारावी. दुसरी आवृत्ती काढायची का आणि किती प्रतींची, हे कौतुकावरून ठरवू नये. ते ही वही सांगते. लेखनाचे स्वातंत्र्य जपायचे असेल, तर हा हिशेबही लेखकाने मनापासून शिकला पाहिजे.