पाणी बिघडते ते वाटेत

१९५५च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेला पूर येऊन गेला होता. नजफगड नाल्यातले सांडपाणी वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलत, तिथपर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले, आणि त्याचा उपयोगही झाला. विषमज्वर, हगवण वाढली नाही. तरीही सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली, कारण जंतू मेले पण विषाणू निसटला. त्याला ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव मिळायला पुढे काही दशके जावी लागली.

आपल्याकडे पाण्याच्या शुद्धतेचा विचार तेव्हापासून जलशुद्धीकरण केंद्राभोवती फिरत राहिला. ते गैर नव्हते. नागपूरची ‘नीरी’ ही संशोधन संस्था १९५८ सालची. मुंबईचे भांडुप संकुल आशियातल्या मोठ्या केंद्रांत गणले जाते. केंद्रातली पद्धत एव्हाना ठरून गेली आहे. कच्च्या पाण्यात तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळायचे, गाळाचे पुंजके बांधून खाली बसू द्यायचे, मग वाळूच्या थरातून पाणी गाळायचे आणि शेवटी क्लोरीन. यात कौशल्य आहे ते मात्रेचे. पावसाळ्यात नदीचा गढूळपणा एका रात्रीत बदलतो. कालची तुरटी आज पुरत नाही. म्हणून प्रयोगशाळेत ओळीने पात्रे मांडून ‘जार टेस्ट’ करायची असते. लहान नगरपालिकांत ही मात्रा पुष्कळदा नजरेच्या अंदाजाने ठरते, आणि तिथेच घात होतो. गढूळ कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून बचावतात, शिवाय ते कण क्लोरीनही खाऊन टाकतात.

तरीही माझे मत असे की केंद्र हा या साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा नाही. निदान मोठ्या शहरांत तरी नाही. पाणी बिघडते ते वाटेत.

आपल्याकडे नळाला ठरावीक तासच पाणी येते. व्हॉल्व्हमन झोनचा व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा नळी रिकामी होऊ लागते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. शेजारी गटार असेल, सांधा गळका असेल, तर बाहेरचे पाणी आत खेचले जाते. त्यात लोक नळाला थेट टुल्लू पंप लावतात. दोन बादल्या जास्त मिळतात खऱ्या, पण तो पंप शेजारच्या गल्लीतली घाणही ओढू शकतो, हे लावणाऱ्याच्या गावीही नसते. पाण्याबरोबर थोडे क्लोरीन शिल्लक पाठवतात ते या प्रवासासाठीच. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवे. पण गटाराची धार आत शिरली तर तेवढ्याचा काय निभाव लागणार?

याचा सर्वांत बोलका पुरावा सीमेपलीकडच्या हुबळी-धारवाडचा आहे. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, बाकी शहर पूर्वीसारखेच राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) संशोधकांनी दोन्हीकडचे नळ तपासले. त्यांचा अहवाल २०१३ साली आला. खंडित पुरवठ्याच्या ३१.७ टक्के नमुन्यांत विष्ठेची खूण असलेले ई. कोलाय जंतू सापडले, अखंड पुरवठ्याच्या अवघ्या ०.७ टक्क्यांत. शहर तेच; फरक होता तो नळीत सतत दाब असण्याचा. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्याला खजील करणारी आहे. अखंड पाणी मिळूनही बहुतेक घरांनी साठवण सोडली नाही, आणि साठवलेले पाणी नळाच्या पाण्यापेक्षा अस्वच्छ निघाले. पिंपावरचा भरवसा असा लगेच सुटत नाही.

आता पुण्याकडे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत, दूषित पाण्यातून पसरू शकणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. ही गावे महापालिकेत आली, पण महापालिकेची गाळण यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून सोडले जात होते. शहराची हद्द वाढवणे सोपे असते, कागदावर होते; तिथवर गाळलेले पाणी नेणारी नळी टाकायला खर्च येतो, म्हणून ती मागे राहते.

खेड्यांत निदान मोजण्याची रीत रुजली आहे. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, मग क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टने पाण्याला पिवळा रंग येतो का ते बघतो. पाण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. शहरातल्या वॉर्डाला असे कार्ड का नसावे? आणि अखंड पुरवठाही अशक्य नाही: कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिले, ते लहान गाव असूनही. मोठ्या महापालिकांना नवी केंद्रे उभारण्याचा उत्साह असतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. जमिनीखालच्या बदललेल्या नळीची फीत कोण कापणार?

तेव्हा नळाला लावलेला पंप आधी काढा. पाणी आले की पहिली धार सांडू द्या. सोसायटीच्या टाकीची साफसफाई कधी झाली, याची नोंद मागा. आणि नगरसेवक भेटला तर केंद्रातल्या पाण्याचा अहवाल विचारू नका. झोनच्या शेवटच्या नळाला किती क्लोरीन शिल्लक आहे, तो आकडा विचारा.